बेंजामिन डिझरायली: जीवन आणि पत्रसंग्रह

बेंजामिन डिझरायली, बीकन्सफील्डचे पहिले अर्ल (२१ डिसेंबर १८०४ – १९ एप्रिल १८८१) हे ब्रिटिश राजकारणी व कादंबरीकार होते. ते हुजूर पक्षाचे नेते होते आणि दोन वेळा युनायटेड किंग्डमचे पंतप्रधान झाले (१८६८ आणि १८७४–१८८०). ज्यू कुटुंबात जन्मलेले ते ब्रिटनचे पहिले पंतप्रधान होत. १८६७ चा मताधिकार सुधारणा कायदा, सुएझ कालव्याच्या समभागांची खरेदी, राणी व्हिक्टोरियाला देण्यात आलेली हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी आणि १८७८ ची बर्लिन परिषद या घटनांशी त्यांचे नाव जोडले जाते.

डिझरायली यांनी आयुष्यभर विपुल पत्रलेखन केले. बहीण, पत्नी, राणी, सहकारी मंत्री आणि स्नेही स्त्रिया यांना स्वहस्ते लिहिलेली त्यांची हजारो पत्रे आज ग्रंथालये, अभिलेखागारे, राजघराण्याचा संग्रह आणि खाजगी संग्राहक यांच्याकडे विखुरलेली आहेत. त्यांचे जतन, संपादन आणि एकत्रीकरण यांचा इतिहास सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा आहे. त्यांच्या चरित्रातील काही महत्त्वाच्या घटनांचा उलगडा मूळ हस्तलिखित पत्रांमुळेच झाला आहे.

बालपण आणि कुटुंब

डिझरायली यांचा जन्म लंडनमधील ब्लूम्सबरी भागात झाला. वडील आयझॅक डिझरायली हे साहित्यविषयक किस्से व टिपणांच्या ग्रंथांसाठी प्रसिद्ध असलेले लेखक होते. ब्रिटिश म्युझियममधील जुनी पुस्तके व हस्तलिखिते वाचण्यात त्यांचा बराच काळ जाई. आईचे नाव मारिया बासेव्ही होते. बेंजामिन यांना सारा ही थोरली बहीण आणि राल्फ व जेम्स हे धाकटे भाऊ होते.

लंडनमधील बेव्हिस मार्क्स सिनेगॉगच्या व्यवस्थापनाशी आयझॅक यांचा वाद झाला आणि त्यांनी तेथील सभासदत्व सोडले. त्यानंतर १८१७ मध्ये मुलांना अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा देण्यात आला. त्या वेळी बेंजामिन बारा वर्षांचे होते. पुढील राजकीय आयुष्याच्या दृष्टीने ही घटना निर्णायक ठरली, कारण ज्यू धर्म पाळणाऱ्या व्यक्तीस १८५८ पर्यंत ब्रिटिश संसदेत आसन ग्रहण करता येत नव्हते.

लेखन, कर्ज आणि पूर्वेचा प्रवास

१८२१ मध्ये डिझरायली एका वकिली पेढीत उमेदवार म्हणून दाखल झाले. परंतु त्या व्यवसायात त्यांचे मन रमले नाही. दक्षिण अमेरिकेतील खाणींच्या समभागांत सट्टा केल्याने तरुण वयातच ते मोठ्या कर्जात सापडले. प्रकाशक जॉन मरे यांच्याबरोबर सुरू केलेले वृत्तपत्रही अल्पावधीत बंद पडले. १८२६ मध्ये त्यांची ‘व्हिव्हियन ग्रे’ ही पहिली कादंबरी लेखकाचे नाव न छापता प्रसिद्ध झाली. लंडनच्या उच्चभ्रू समाजात ती गाजली, मात्र लेखक कोण हे कळल्यावर तिच्यावर कठोर टीकाही झाली. कर्जाचे ओझे पुढे कित्येक दशके त्यांच्या मागे राहिले.

१८३० मध्ये ते स्पेन, माल्टा, ग्रीस, तुर्कस्तान, पॅलेस्टाइन आणि इजिप्त यांच्या दीर्घ प्रवासास निघाले. सोबत साराचा नियोजित वर विल्यम मेरेडिथ होता. १८३१ च्या जुलै महिन्यात कैरो येथे मेरेडिथचे देवीच्या रोगाने निधन झाले. ही बातमी घरी कळविण्याचे काम डिझरायली यांच्यावर आले. सारा त्यानंतर अविवाहित राहिली आणि १८५९ मध्ये निधन होईपर्यंत भावाची सर्वांत जवळची विश्वासू राहिली. प्रवासातून घरी पाठविलेली पत्रे आणि त्यानंतरच्या दोन दशकांत साराला लिहिलेली पत्रे हा त्यांच्या तारुण्याविषयीचा सर्वांत समृद्ध आधार मानला जातो.

संसदेत प्रवेश आणि विवाह

१८३२ ते १८३५ या काळात डिझरायली यांनी चार निवडणुका लढविल्या व चारही हरले. १८३७ मध्ये मेडस्टोन मतदारसंघातून ते हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून आले. ७ डिसेंबर १८३७ रोजी त्यांनी केलेले पहिले भाषण विरोधकांच्या हशात व गोंगाटात बुडून गेले.

मेडस्टोनमधील त्यांचे सहकारी खासदार विंडम लुइस यांचे १८३८ मध्ये निधन झाले. लुइस यांच्या पत्नी मेरी ॲन या डिझरायली यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या होत्या. दोघांचा स्नेह वाढत असताना विवाह लांबणीवर पडला आणि भांडण झाले. ७ फेब्रुवारी १८३९ रोजी डिझरायली यांनी त्यांना एक दीर्घ व संतप्त पत्र लिहिले. आरंभी आपल्या मनात प्रेमभावना नव्हती आणि विवाहाचा विचार करताना सांसारिक सोयही डोळ्यांपुढे होती, अशी स्पष्ट कबुली त्यात आहे; त्याचबरोबर पुढे आपण खरोखर त्यांच्यात गुंतलो, असेही त्यांनी सांगितले आहे. मेरी ॲन यांनी ते पत्र फाडून न टाकता जपून ठेवले. २८ ऑगस्ट १८३९ रोजी दोघांचा विवाह झाला. तो तेहतीस वर्षे टिकला आणि समकालीनांनी त्याकडे एक सुखी विवाह म्हणून पाहिले.

पील यांना लिहिलेले पत्र

१८४१ मध्ये हुजूर पक्षाचे नेते रॉबर्ट पील पंतप्रधान झाले. मंत्रिमंडळात स्थान मिळेल अशी डिझरायली यांची अपेक्षा होती. ५ सप्टेंबर १८४१ रोजी त्यांनी पील यांना पत्र लिहून आपल्या निष्ठेची व पक्षासाठी सोसलेल्या त्रासाची आठवण करून दिली आणि आपली उपेक्षा होऊ नये अशी विनंती केली. मेरी ॲन यांनीही पील यांना स्वतंत्र पत्र लिहिले. डिझरायली यांना पद मिळाले नाही.

पुढील काळात ‘कॉनिंग्सबी’ (१८४४) आणि ‘सिबिल’ (१८४५) या राजकीय कादंबऱ्यांनी त्यांना नाव मिळवून दिले. ‘सिबिल’मध्ये श्रीमंत आणि गरीब अशा दोन राष्ट्रांत विभागलेल्या इंग्लंडचे चित्र आहे. आयात धान्यावर कर लावणारे धान्य कायदे रद्द करण्याचा निर्णय पील यांनी घेतला, तेव्हा डिझरायली त्यांचे सर्वांत प्रखर विरोधक बनले. १५ मे १८४६ च्या चर्चेत पील यांनी सभागृहाला विचारले की, आपल्याविषयी असे मत असलेले डिझरायली १८४१ मध्ये आपल्या मंत्रिमंडळात येण्यास तयार कसे होते. डिझरायली यांनी उभे राहून, आपण प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कधीही पद मागितले नव्हते, असे विधान केले.

१८४१ चे पत्र पील यांच्या कागदपत्रांत सुरक्षित होते. ते सभागृहात वाचले गेले असते, तर डिझरायली यांची राजकीय कारकीर्द बहुधा तेथेच संपली असती. पील यांनी ते उघड केले नाही. त्यांच्या या मौनामागे खाजगी पत्रव्यवहाराचा संकेत होता की अन्य काही कारण, याविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. पील यांची खाजगी कागदपत्रे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाली, तेव्हा हे पत्र वाचकांसमोर आले. तोपर्यंत दोघेही हयात नव्हते.

मंत्रिपदे आणि पंतप्रधानपद

धान्य कायद्यांवरून हुजूर पक्ष फुटला आणि डिझरायली त्यातील संरक्षणवादी गटाचे हाउस ऑफ कॉमन्समधील नेते झाले. १८४७ मध्ये ते बकिंगहॅमशायरमधून निवडून आले. १८४८ मध्ये बेंटिंक कुटुंबाने दिलेल्या कर्जाच्या साहाय्याने त्यांनी हाय विकम गावाजवळील ह्यूएन्डेन ही जहागीर विकत घेतली. लॉर्ड डर्बी यांच्या मंत्रिमंडळांत ते १८५२, १८५८–५९ आणि १८६६–६८ अशा तीन वेळा अर्थमंत्री होते. १८६७ च्या मताधिकार सुधारणा कायद्याने शहरांतील कामगारवर्गाच्या मोठ्या भागाला मत देण्याचा हक्क मिळाला. हा कायदा मंजूर करून घेण्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा होता.

फेब्रुवारी १८६८ मध्ये ते प्रथम पंतप्रधान झाले, परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. पद सोडताना त्यांनी स्वतःसाठी किताब न घेता मेरी ॲन यांना व्हायकाउंटेस बीकन्सफील्ड ही पदवी मिळवून दिली. १५ डिसेंबर १८७२ रोजी मेरी ॲन यांचे निधन झाले. त्यांच्या कागदांत १८५६ मध्ये पतीसाठी लिहून ठेवलेले एक पत्र सापडले. आपल्या मागे पतीने एकटे राहू नये आणि मृत्यूनंतर दोघांना एकाच थडग्यात ठेवावे, अशी इच्छा त्यात व्यक्त केली होती.

१८७४ मध्ये डिझरायली पूर्ण बहुमतासह पुन्हा पंतप्रधान झाले. सार्वजनिक आरोग्य आणि कामगारांच्या घरांविषयीचे कायदे १८७५ मध्ये झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी रॉथ्सचाइल्ड कुटुंबाकडून ४० लाख पौंडांचे कर्ज उभारून इजिप्तच्या खेदिवाकडील सुएझ कालव्याचे समभाग सरकारसाठी विकत घेतले. ऑगस्ट १८७६ मध्ये ते अर्ल ऑफ बीकन्सफील्ड म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेले. १८७८ च्या बर्लिन परिषदेत त्यांनी ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले आणि तेथून राणीला घडामोडींचा वृत्तांत पत्रांद्वारे पाठविला. १८८० च्या निवडणुकीत ग्लॅडस्टन यांच्या नेतृत्वाखालील उदारमतवादी पक्षाने त्यांचा पराभव केला.

भारताशी संबंध

डिझरायली यांनी भारताला कधीही भेट दिली नाही. २७ जुलै १८५७ रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये बोलताना, भारतातील उठाव हे केवळ शिपायांचे बंड नसून त्यामागे व्यापक राष्ट्रीय असंतोष असावा, असा विचार त्यांनी मांडला होता.

त्यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत, १८७६ मध्ये, राणीला सम्राज्ञी ही पदवी देणारा कायदा मंजूर झाला आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात तिची घोषणा करण्यात आली. दरबार भरविणारे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन हे डिझरायली यांनी निवडलेले आणि त्यांचे कादंबरीकार मित्र एडवर्ड बुल्वर-लिटन यांचे पुत्र होते. पुणे सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी या दरबारास खादीचा वेष करून उपस्थित राहिले. त्याच वेळी पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर आदी जिल्ह्यांसह दख्खन आणि दक्षिण भारत १८७६–७८ च्या भीषण दुष्काळाने होरपळत होते. या दुष्काळात लक्षावधी लोक मृत्युमुखी पडले. सार्वजनिक सभेने दुष्काळाची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. १८७८ चा देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा आणि दुसरे अफगाण युद्ध याही लिटन यांच्या काळातील घटना होत. त्यामुळे या वर्षांतील लंडन–कलकत्ता पत्रव्यवहार भारतीय इतिहासाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

अखेरची वर्षे आणि पत्रलेखन

पत्नीच्या मृत्यूनंतर डिझरायली यांचा पत्रव्यवहार आणखी वाढला. लेडी ब्रॅडफर्ड आणि त्यांची विधवा बहीण लेडी चेस्टरफील्ड यांना त्यांनी १८७३ ते १८८१ या काळात सुमारे १,६०० पत्रे लिहिली. पंतप्रधानपदाच्या धामधुमीत लिहिलेल्या या पत्रांत मंत्रिमंडळातील वादांपासून जेवणावळींतील गप्पांपर्यंत सर्व विषय येतात.

याआधी टॉर्की येथील वृद्ध विधवा सारा ब्रिजेस विल्यम्स यांच्याशी त्यांचा १८५१ पासून पत्रव्यवहार होता. त्याही ज्यू वंशाच्या होत्या. १८६३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा मृत्युपत्रान्वये डिझरायली यांना ३०,००० पौंडांहून अधिक संपत्ती मिळाली. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे दफन ह्यूएन्डेन येथे करण्यात आले.

१९ एप्रिल १८८१ रोजी लंडन येथे डिझरायली यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमधील सार्वजनिक अंत्यविधीऐवजी ह्यूएन्डेनच्या चर्चच्या आवारात पत्नीशेजारी त्यांना दफन करण्यात आले.

कागदपत्रांचे जतन

डिझरायली यांचे कागद टिकून राहण्याचे मोठे श्रेय मेरी ॲन यांना जाते. घरात आलेला जवळजवळ प्रत्येक कागद त्यांनी जपून ठेवला. पतीचे केस त्या स्वतः कापत आणि तेही पुड्यांत बांधून ठेवत. डिझरायली यांनीही आलेली पत्रे सहसा नष्ट केली नाहीत. १८३० च्या दशकातील प्रेयसी हेन्रिएटा साइक्स यांची पत्रेही त्यामुळे शिल्लक राहिली.

मृत्युपत्रान्वये कागदपत्रांचा ताबा त्यांचे खाजगी सचिव मॉंटेग्यू कॉरी, म्हणजेच पुढील लॉर्ड रोटन, यांच्याकडे आला. कॉरी चरित्र लिहितील अशी अपेक्षा होती. परंतु १९०३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ते लिहिले नाही. ह्यूएन्डेन १९४७ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आले आणि डिझरायली यांची कागदपत्रे १९७८ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बॉडलियन ग्रंथालयात हलविण्यात आली.

या संग्रहाला एक स्वाभाविक मर्यादा आहे. कोणत्याही व्यक्तीच्या घरी प्रामुख्याने तिला आलेली पत्रे साठतात. तिने लिहिलेली पत्रे ज्यांना पाठविली त्यांच्याकडे जातात. पत्नी आणि बहीण यांना लिहिलेली पत्रे कुटुंबातच राहिल्यामुळे ह्यूएन्डेनला मिळाली. इतर पत्रांसाठी मात्र विंडसर येथील राजघराण्याचा संग्रह, डर्बी, सॉल्सबरी व लंडनडेरी या घराण्यांची कागदपत्रे आणि पील यांचा ब्रिटिश लायब्ररीतील संग्रह यांकडे वळावे लागते.

पत्रांचे प्रकाशन

पहिले प्रकाशन धाकटे भाऊ राल्फ यांनी केले. १८८५ मध्ये पूर्वेच्या प्रवासातील पत्रे आणि १८८६ मध्ये १८३२ ते १८५२ या काळातील बहिणीशी झालेला पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला. राल्फ यांनी मजकूर जसाच्या तसा छापला नाही. वेगवेगळ्या दिवसांची पत्रे एकत्र जोडणे, अडचणीचा भाग गाळणे आणि शब्द बदलणे असे प्रकार त्यांत आहेत. मूळ हस्तलिखितांशी ताडून पाहिल्यावरच ही बाब स्पष्ट झाली; तोपर्यंत अनेक लेखकांनी राल्फ यांचा मजकूर विश्वसनीय मानून वापरला होता.

कॉरी यांच्या मृत्यूनंतर ‘द टाइम्स’ वृत्तपत्राच्या पुढाकाराने विल्यम मनीपेनी यांच्याकडे चरित्रलेखन सोपविण्यात आले. पहिला खंड १९१० मध्ये आणि दुसरा १९१२ मध्ये निघाला. त्याच वर्षी मनीपेनी यांचे निधन झाले. जॉर्ज अर्ल बकल यांनी काम पुढे नेऊन १९२० पर्यंत सहा खंड पूर्ण केले. या चरित्रात शेकडो पत्रे मोठ्या प्रमाणावर उद्धृत केली आहेत.

लेडी ब्रॅडफर्ड व लेडी चेस्टरफील्ड यांना लिहिलेल्या पत्रांची निवड १९२९ मध्ये मार्क्विस ऑफ झेटलंड यांनी दोन खंडांत प्रसिद्ध केली. झेटलंड हे पूर्वी लॉर्ड रोनाल्डशे या नावाने बंगालचे गव्हर्नर आणि पुढे भारतमंत्री होते. १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंग यांनी केलेल्या गोळीबारात ते जखमी झाले. लेडी लंडनडेरी यांना लिहिलेली पत्रे १९३८ मध्ये प्रकाशित झाली. रॉबर्ट ब्लेक यांचे १९६६ चे चरित्र ह्यूएन्डेनच्या कागदांवर मोठ्या प्रमाणात आधारलेले असून ते आजही प्रमाण मानले जाते.

हस्तलिखितांची पारख

संग्राहक आणि अभिलेखपाल स्वहस्ते लिहिलेले संपूर्ण पत्र, सचिवाने लिहून केवळ सही घेतलेले पत्र आणि नक्कल यांत फरक करतात. कॉरी १८६६ पासून सचिव असल्याने आणि उतारवयात डिझरायली यांना संधिवाताचा त्रास असल्याने अखेरच्या काळातील पत्रांबाबत हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो.

डिझरायली यांच्या पत्रांचा काळ ठरविण्यास काही खुणा उपयोगी पडतात. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी अखेरपर्यंत काळ्या किनारीचा शोकसूचक कागद वापरला. त्यामुळे असा कागद सामान्यतः डिसेंबर १८७२ नंतरचा काळ सुचवितो. ऑगस्ट १८७६ पर्यंतची सही डिझरायली या नावाची, तर त्यानंतरची बीकन्सफील्ड या नावाची आहे. खासदारांना १८४० च्या आरंभापर्यंत लखोट्यावर सही करून विनामूल्य टपाल पाठविण्याची सवलत होती. त्यामुळे त्यांच्या सहीचे असे लखोटे केवळ १८३७ ते १८४० या अल्प काळातील असू शकतात. ज्या पत्रांवर वर्ष नाही, त्यांच्यासाठी टपालाचे शिक्के, कागदातील जलचिन्ह, संसदेच्या कामकाजाचे वृत्तांत आणि त्या दिवसांची वर्तमानपत्रे ताडून पाहिली जातात.

व्हिक्टोरियन काळातील स्वाक्षऱ्या जमविण्याच्या छंदाने काही हानीही केली. नामवंतांच्या पत्रांतील सही कापून वहीत चिकटविण्याची प्रथा तेव्हा रूढ होती. अशा वेळी सही टिकली, पण पत्राचा मजकूर कायमचा नाहीसा झाला. लिलावात सुटे विकले गेलेले पत्र पुढे कोणाकडे गेले, याचा माग ठेवणेही कठीण असते.

समग्र पत्रांचा प्रकल्प

डिझरायली यांची सर्व उपलब्ध पत्रे एकत्र करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न १९७० च्या दशकात कॅनडातील किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठात सुरू झाला. निरनिराळ्या देशांतील ग्रंथालये, घराणी आणि खाजगी संग्राहक यांच्याकडील पत्रांच्या प्रती मिळवून त्यांचा मजकूर मूळ शुद्धलेखनासह उतरविणे, तारखा निश्चित करणे आणि टिपा देणे असे या कामाचे स्वरूप होते. टोरंटो विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने पहिले दोन खंड १९८२ मध्ये आणि दहावा खंड २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. राल्फ यांनी बदललेला मजकूर या आवृत्तीत मूळ रूपात वाचता येतो.

दहावा खंड केवळ १८६८ या एका वर्षाचा आहे आणि त्यानंतर हे काम थांबले. परिणामी सुएझचे समभाग, सम्राज्ञी पदवी, दख्खनचा दुष्काळ आणि बर्लिन परिषद या घटनांच्या काळातील पत्रे या समग्र आवृत्तीत नाहीत. त्या वर्षांसाठी अभ्यासकांना बकल आणि झेटलंड यांनी निवडलेल्या मजकुरावर किंवा ठिकठिकाणच्या मूळ हस्तलिखितांवर अवलंबून राहावे लागते.

मूल्यमापन

हुजूर पक्षाला व्यापक मतदारवर्गाशी जोडणारा नेता म्हणून डिझरायली यांचे स्थान मोठे मानले जाते. त्यांचे समीक्षक त्यांच्यावर संधिसाधूपणाचा आणि साम्राज्याच्या दिखाऊपणास महत्त्व दिल्याचा आरोप करतात. पत्रांतून या दोन्ही मतांना आधार मिळतो. स्वतःविषयी अतिशयोक्ती करण्याची सवय त्यांत दिसते आणि मित्रांविषयीची चिवट निष्ठाही दिसते. १८३९ व १८४१ ची पत्रे त्यांच्या प्रतिमेस बाधक असूनही संबंधितांनी ती नष्ट केली नाहीत. त्यामुळेच संसदेतील भाषणे आणि कुटुंबाने प्रसिद्ध केलेला मजकूर यांची शहानिशा करणे नंतरच्या अभ्यासकांना शक्य झाले.